हापूसच्या कलमांना वाळवी : लवंग, गवती चहाची तेलं कुठवर पुरतील?

प्रश्न : दोन वर्षांची हापूसची कलमं आहेत. पाऊस गेल्यापासून बुंध्यांवर वाळवीने मातीचा लेप चढवलाय. रासायनिक औषध नको आहे. लवंग तेल किंवा गवती चहाचं तेल मारलं तर वाळवी जाईल का?

उत्तर : मारलेल्या जागेवरून जाईल, बागेतून नाही. बुंध्यावर दिसते ती कामकरी वाळवी. राणी आणि पिल्लं जमिनीखाली, कधी कधी बऱ्याच लांब असतात. लवंग तेलातलं युजेनॉल किंवा गवती चहातलं सिट्रल थेट अंगावर पडलं तर वाळवी मरते, नुसत्या वासानेही ती बाजूला होते. पण ही तेलं उडून जाणारी आहेत. कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हात वास टिकणार किती? वाळ्याच्या मुळांचं तेल त्या मानाने चिवट. त्यातलं नूटकॅटोन वाळवीला पळवतं, हे लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. फक्त त्याचा भाव असा की ते अत्तरवाल्यांनीच घ्यावं.

तरीही तेल वापरायचं असेल तर असं करा. मातीचा लेप गोणपाटाने पुसून काढा आणि खालची साल नखाने दाबून पाहा. पोकळ लागली तर आत पोखरलेलं आहे. 5 मिली तेल आधी थोड्या पातळ साबणात घोटा, मग 1 लिटर पाणी हळूहळू घाला. साबणाशिवाय तेल वर तरंगत राहतं. ऊन उतरल्यावर फक्त बुंध्यावर आणि मुळाशी दिसणाऱ्या भोकांत मारा, पंप मधूनमधून हलवत राहा. पहिल्यांदा एकाच कलमावर. पालवीवर उडू देऊ नका; अमेरिकेत लवंग तेलाची तणनाशकं विकली जातात, यावरून काय ते समजा. दोन दिवसांनी बघा. लेप पुन्हा ओलसर, ताजा दिसला तर वाळवी कामावर परतलीय, पुन्हा मारावं लागेल. साल उघडी पडलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा : मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. बादली प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नको.

खरं दुखणं मात्र आळ्यात असतं. अर्धंकच्चं शेणखत आणि बुंध्याला टेकवलेला सुका पातेरा म्हणजे वाळवीला पानच वाढलेलं! पातेरा वीतभर लांब सारा, खत पूर्ण कुजलेलंच घाला, आळं अगदी कोरडं पडू देऊ नका. आम्ही बागेत गेलो की आधी बुंधा नाही, आळं बघतो.

प्रश्न : निंबोळी तेल, करंज तेल यांतच येतं का?

उत्तर : नाही. ती बियांची घाण्यावरची तेलं, उडून न जाणारी. म्हणूनच बुंध्यावर जास्त दिवस राहतात, आणि स्वस्तही पडतात. साबण लागतोच. माझी पहिली पसंती यांनाच.

प्रश्न : बांधावरच्या वारुळात तेल ओतू का?

उत्तर : पैसे वाया जातील, तेल राणीपर्यंत पोहोचत नाही. वारूळ कलमांना लागूनच असेल तर खोल खणून बोटाएवढी फुगलेली पांढरी राणी काढा. लांबचं असेल तर राहू द्या. पावसाळ्यात त्यावर उगवणारी अळंबी तुम्ही खातच असाल. ती आत वाळवीनेच जोपासलेल्या बुरशीची असते.