वाचवलेलं पाणी जातं कुठं?

मागच्या अंकात शहरं, पाणी, वीज, वाळू यावर प्रश्न मागवले होते आणि इनबॉक्स तुंबलाच. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, दोनतीन पत्रांची भाषा जरा मवाळ केलीय (ज्यांची केलीय त्यांना कळेलच).

प्रश्न : ताई, घरात सगळे माझ्यावर वैतागलेत. ब्रश करताना नळ बंद, शॉवर ५ मिनिटांच्या वर नाही, असे माझे नियम. आणि परवा वाचलं की माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीला जातं. मग मी कशाला जीव आटवतेय?

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण तो साऱ्या जगाचा आहे आणि तुमच्या नळाला साऱ्या जगाचं पाणी येत नाही, दोनचार धरणांचं नाहीतर एखाद्या नदीचं येतं. तिथं शहराचा वाटा खूप मोठा असू शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनचं २०१८ मध्ये हेच झालं, सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला, धरणं तळाला गेली आणि माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. ५० लिटरमध्ये अंघोळ, भांडी, कपडे, संडास सगळं बसवायचं. लोक अंघोळीचं पाणी बादलीत धरून फ्लशला वापरायचे. तीन वर्षांपूर्वीच्या मानाने शहराचा वापर निम्म्याच्या आसपास आला, नळ बंद करायची जाहीर झालेली तारीख पुढे पुढे सरकत गेली आणि तेवढ्यात पाऊस आला. पण त्यात नुसते घरचे नळ नव्हते हो, पालिकेने पाइपातलं प्रेशर उतरवलं, शेतीचा कोटा कापला, आणि शेतकऱ्यांच्या एका संघाने आपलं साठवलेलं पाणी शहरासाठी सोडलं.

तेव्हा जीव आटवा, पण जागा बघून. ब्रशच्या नळापेक्षा फ्लशची टाकी बघा. जुनी टाकी एका फ्लशला १२-१३ लिटर ओतते, नवीन दोन बटणांची साधारण ६ आणि ३. आणि त्याहून वाईट म्हणजे आतलं रबर कडक झालं की पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून इतकं पातळ घसरत राहतं की दिसत नाही, ऐकू येत नाही. टाकीत थोडी शाई टाका, २० मिनिटं कुणाला फ्लश करू देऊ नका, भांड्यात रंग उतरला तर गळतंय. मी या सदरात वर्षानुवर्षं पाण्यावर लिहितेय आणि माझ्याच घरी भांडं निळं झालं. प्लंबर म्हणाला हे कित्येक महिन्यांचं काम दिसतंय मॅडम. काय बोलणार.

प्रश्न : शहर एवढं वाढलं की नवीन धरण नाहीतर समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लँट, याशिवाय इलाजच नाही असं सगळे सांगतात. खरं का?

उत्तर : कधीकधी खरं. पण आधी असलेलं पाणी जातं कुठं ते विचारा, आणि हे विचारलं की बैठकीत शांतता पसरते. शहराच्या जलशुद्धीकरण प्लँटमधून निघालेल्या पाण्यातलं जेवढं बिलावर येत नाही ते वेगळं मोजतात. त्यात गळती, चोरी आणि झोपलेले मीटर तिन्ही आलं. कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये १९९३ साली हे प्रमाण ७२ टक्के होतं, म्हणजे १०० बादल्या भरल्या तर २८ चा हिशोब लागतो, बाकी गायब. त्या वर्षी ‘एक सोन चान’ (‘एक’ हा नावाचाच भाग) यांच्याकडे तिथल्या पाणीपुरवठ्याची सूत्रं आली. त्यांनी घरटी मीटर बसवले, ग्राहकांची यादी पुन्हा घरोघर फिरून केली, जुने पाइप बदलले, थकबाकी असलेल्या बड्या लोकांनाही सोडलं नाही आणि गळती कमी करणाऱ्या टीमला बोनस ठेवला. साधारण २०१० पर्यंत ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं आणि नळाला २४ तास पाणी. मधल्या काळात त्यांनी प्लँटही वाढवले, हे लपवायचं कारण नाही. पण फुटक्या माठात कितीही ओता, आणि इथं तर ओतणं महाग पडतं कारण ते पाणी शुद्ध करून, वीज जाळून वर चढवलेलं असतं.

गळती शोधतात कशी ते भारी आहे. रात्री दोन ते चार शहर झोपलेलं असतं, त्या वेळी एका भागाच्या मेन पाइपमधून किती पाणी आत जातंय ते मोजायचं. कुणी वापरत नाहीये तरी मीटर फिरतोय म्हणजे जमिनीखाली कुठंतरी वाहतंय. मग माणूस लोखंडी कांडी घेऊन निघतो, एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला. पाइप नीट असेल तर काही नाही, फुटका असेल तर सूं असा बारीक आवाज. आता मशिनं आलीत, सेन्सर आलेत, तरी कान तयार असलेला माणूस लागतोच.

अजून एक, दिवसाआड नाहीतर दोन तास पाणी सोडून बचत होते असं वाटतं ना, उलटं होतं बऱ्याचदा. पाइप रिकामा, भरला, रिकामा, भरला, धक्क्याने सांधे सुटतात, रिकाम्या पाइपात बाहेरची घाण शोषली जाते, आणि घराघरात लोक भीतीने साठवतात आणि नवीन पाणी आलं की कालचं ओतून देतात.

प्रश्न : सगळे बल्ब एलईडी केले, फ्रिज बदलला, एसी सुद्धा कमी वीज खाणारा घेतला. महिन्याची युनिटं होती तिथंच! फसवतात का कंपन्या?

उत्तर : कंपन्यांचं माहीत नाही पण हे दुखणं जुनं आहे. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की वाफेचं इंजिन सुधारून कोळसा कमी लागायला लागला तसा इंग्लंडचा कोळशाचा एकूण खप वाढला, कमी झाला नाही. कारण इंजिन चालवणं स्वस्त झालं, मग जिथं परवडत नव्हतं तिथंही ते बसलं. तुमच्याकडे खरंखरं सांगा, जिन्यात आधी दिवा होता का? बाल्कनीत ती माळ? आणि एसी आधी फक्त रात्री लागायचा तो आता दुपारीही? एलईडी जुन्या पिवळ्या बल्बच्या चौथाई वीज घेतो, ते खरंच आहे, पण एकाच्या जागी चार लावले की झालं ना बरोबर.

ठिबकचंही तसंच होतं आणि हे मला फार उशिरा कळलं. पिकाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी, वाया काही जात नाही, उत्तम. पण जे वाया जात होतं असं आपण म्हणतो त्यातलं बरंचसं मुरून शेजारच्या विहिरीला लागत होतं, आणि वाचलेल्या पाण्यावर शेतकरी अजून दोन एकर भिजवतो (का नाही भिजवणार, आपणही तेच केलं असतं). उत्पन्न वाढतं, चांगलंच आहे, पण भूजल वाढत नाही. मग उपशाला मर्यादा आधी आणि ठिबक नंतर, नाहीतर नुसत्या बचतीच्या यंत्राला दिलेली सबसिडी नदीपर्यंत पोचतच नाही. कुणी म्हणालं आम्ही ३० टक्के वाचवलं की माझा एकच प्रश्न असतो, मग ते कुणाच्या वाट्याला गेलं?

प्रश्न : सांडपाणी शुद्ध करून परत प्यायचं? ई!!

उत्तर : ई म्हणून घ्या मनसोक्त, मग ऐका. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून हेच करतेय, वाळवंटी देश, जवळ मोठी नदी नाही, दुसरं करणार काय. सिंगापूरमध्ये २००३ पासून न्यूवॉटर नावाने चालू आहे, आधी बारीक गाळणी, मग रिव्हर्स ऑस्मॉसिस (घरच्या फिल्टरमधलं आरओ तेच), मग अल्ट्राव्हायोलेट. गंमत म्हणजे ते पाणी इतकं स्वच्छ निघतं की जास्त करून कारखान्यांना जातं, चिप बनवणाऱ्यांना तसंच लागतं, आणि थोडं तलावात सोडून नेहमीच्या पाण्यात मिसळतात. पण आधी त्यांनी लोकांना प्लँट दाखवले, बाटल्या वाटल्या, पंतप्रधानांनी सगळ्यांसमोर प्यायलं. ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा शहरात दुष्काळ असताना २००६ साली मतदान घेतलं तर ६० टक्क्यांहून जास्त लोक नको म्हणाले. तंत्र जवळपास तेच हो, विश्वास बसला नाही. आणि प्यायचं नसेल तर नका पिऊ, बागा, बांधकाम, कूलिंग टॉवर एवढं जरी यावर चाललं तरी धरणाचं तेवढं पाणी प्यायला मोकळं होतं.

प्रश्न : वाळवंटं एवढी पडलीयेत, मग वाळूची टंचाई कशी?

उत्तर : वाऱ्याने घासून घासून ती वाळू गुळगुळीत गोल झालेली असते, सिमेंटमध्ये धरून राहत नाही. म्हणून नद्या आणि किनारे खरवडले जातात, जगात वर्षाला ५० अब्ज टनांच्या घरात वाळू-खडी लागते. दगड फोडून केलेली वाळू चालते, पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा दळून पुन्हा वापरता येतो, पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चांगली उभी असलेली इमारत पाडू नका, दुरुस्त करा. यावर बिल्डर वाचकांची पत्रं येतील, येऊ देत.

प्रश्न : आम्हाला उपदेश करता, कारखान्यांना कोण सांगणार?

उत्तर : सांगायलाच हवं. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग गावाचं उदाहरण देते, तिथं भूजल कमी म्हणून १९६१ साली रिफायनरीसाठी तळ्याचं पाणी आणलं, १९७२ मध्ये रिफायनरीचा जळून जाणारा गॅस शेजारच्या प्लास्टरबोर्ड (भिंतीला लावायचे जिप्समचे पत्रे) कारखान्याने घेतला, मग वीजकेंद्राची वाफ औषध कारखान्याला आणि रिफायनरीला, त्याच्या धुरातलं गंधक काढताना तयार होणारं जिप्सम परत प्लास्टरबोर्डला. पर्यावरणप्रेमातून नाही, दोघांचा फायदा म्हणून, एकेक करार करत करत. मॅनेजर लोकांची एकमेकांशी ओळख होती एवढंच.

प्रश्न : ताई, घरात गळती आहे का ते मीटरवर कळतं का?

उत्तर : कळतं. झोपण्याआधी मीटरचा फोटो, शेवटचे लाल आकडे नीट दिसले पाहिजेत, आणि रात्री कुणीही नळ सोडायचा नाही, वॉशिंग मशिन नाही, टाकी भरणं नाही. पहाटे कुणी उठायच्या आत दुसरा फोटो. आकडे सरकले असतील तर आधी फ्लशच्या टाकीत शाई टाकून बघा, मगच प्लंबरला फोन.