टेबल खिडकीपाशी ओढ

बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. ‘हल्ली माझ्यात आळस भरलाय’ या वाक्याखाली तू रेघ ओढली आहेस. ती पाहून मला राहवेना, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. सकाळी डोळे उघडतात पण अंग उठत नाही. पुस्तक तासन्‌तास त्याच पानावर उघडं पडून राहतं. पाच वाजता अंधारून आलं की दिवस संपलाच असं वाटतं, मग सारखं काहीतरी गोड खावंसं वाटतं आणि कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. दोन महिन्यांपूर्वी यातलं काहीच नव्हतं, हेही तूच लिहिलंस. मग मला सांग, दोन महिन्यांत माणसाची वृत्ती अशी मुळापासून पालटते का?

स्वतःला नावं ठेवण्याआधी बाहेरचा उजेड किती कमी झालाय ते बघ. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, अंगाची ऊब कधी उतरावी, या सगळ्याच्या वेळा तो सांभाळतो, जणू अंगातलं घड्याळच. माणसाच्या या घड्याळाचा फेरा २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. नुसतं सोडून दिलं तर ते रोज थोडं थोडं मागे पडत जातं, आणि त्याला रोज ताळ्यावर आणायचं काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यात त्यासाठी वेगळ्याच पेशी आहेत. ज्यांच्यामुळे आपल्याला वस्तू दिसतात त्या निराळ्या. या पेशी मुख्यतः उजेड किती आहे एवढी वर्दी त्या पुंजक्याला देतात. त्यांचं काम २००२ च्या सुमारास स्पष्ट झालं. मी शिकत होते तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं, तर दोन वर्षं स्वतःचा राग राग करण्यात गेली नसती.

आता हिशेब बघ. खोलीतल्या दिव्याखाली साधारण १०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर आभाळ गच्च भरलेलं असलं, तरी दिवसा तो सहसा हजाराच्या वर असतो, बरेचदा कित्येक हजार. आपल्याला एवढी तफावत जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. त्या घड्याळाला मात्र ती बरोबर कळते. म्हणून ‘आज ऊन नाही, बाहेर जाऊन काय करू’ असं म्हणू नकोस. उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चालून ये. तू उठायच्या वेळी अंधारच असेल, तर उजाडल्यावर पहिली सवड मिळेल तेव्हा जा. एवढी एक गोष्ट केलीस तरी या पत्राचं सार्थक झालं.

आणि एक लक्षात ठेव. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो, पण संध्याकाळ वाढायला त्याच्या आधीच सुरुवात होते. साधारण ४० अक्षांशावर सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दक्षिण गोलार्धात हेच जून-जुलैत. म्हणजे सर्वांत लहान दिवस उलटून गेल्यावरही सकाळी काही दिवस जास्तच काळोख वाटेल. तेव्हा खचू नकोस. संध्याकाळी खिडकीत उभं राहून बघ, तिकडे मिनिटं परत यायला लागलेली असतात.

माझी एक गोष्ट सांगते. शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मी एका लहान खोलीत राहत होते. टेबल भिंतीला लावलेलं, खिडकीकडे पाठ, आणि थंडी आत येऊ नये म्हणून जाड पडदा दिवसभर ओढलेला. आपली बुद्धी संपली अशी माझी खात्रीच पटली होती. शिक्षण सोडण्याचा अर्ज मी लिहून ठेवला होता, तारीख तेवढी घालायची राहिली होती. एके दिवशी शेजारच्या खोलीतली, माझ्या पुढच्या वर्षाची मुलगी स्टेपलर मागायला आली. ती दारातच थबकली. ‘इतक्या अंधारात वाचतेस?’ एवढंच म्हणाली आणि सरळ जाऊन पडदा सारला. मग दोघींनी मिळून टेबल ओढलं. फरशी तिथे उंचसखल होती, टेबलाचा एक पाय अधांतरी राहिला. तिनं माझ्याच वहीचं कोरं पान फाडलं, चौघडी केली, पुन्हा दुमडलं आणि त्या पायाखाली सारलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. वहीवर उजेड पडला तेव्हा मला दिसलं, आठ दिवसांपूर्वी मी तिथे पेन्सिलीनं एक नीट, बरोबर असलेला मुद्दा लिहून ठेवला होता. तो माझाच होता. मला आठवतसुद्धा नव्हता.

त्या एका दुपारनं काही जादू झाली नाही. पण त्या टेबलाशी बसायला लागले, सकाळी पडदा उघडायला लागले, आणि दोन आठवड्यांनी तो अर्ज फाडला.

बाकीची काळजी मी थोडक्यात सांगते, कारण ती तुला ठाऊक आहे, फक्त होत नाही. रोज एकाच वेळी ऊठ, सुटीच्या दिवशीसुद्धा. दुपारनंतर चहा-कॉफी टाळ. कॅफिनचा निम्मा अंश अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीनं पी. झोपताना पाय गार असतील तर मोजे घाल. झोप लागण्याआधी शरीर हातापायांवाटे आतली ऊब बाहेर सोडतं, आणि पाय गारठलेले असले की ते काम रेंगाळतं. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना या एका साध्या गोष्टीचा उपयोग झाला आहे. आणि जेवण खोलीत एकट्यानं, मोबाइलच्या पडद्याकडे बघत उरकू नकोस. आठवड्यातून तीनदा तरी कुणासोबत जेव.

आता जे लिहिते आहे ते नीट वाच. काहींना हा ऋतू नुसता जड जात नाही, तो आजार होऊन येतो. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मांडणी केली, त्याला ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. खूप झोप येणं, गोडाधोडाची ओढ, हातपाय शिशासारखे जड होणं, माणसांपासून दूर सरणं, ही त्याची लक्षणं. त्यावर उपचार आहेत: बोलून करायची थेरपी, औषधं, आणि सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर बसणं. हा दिवा मनानं आणू नकोस, आधी डॉक्टरांना विचार. डोळ्यांचा विकार असेल किंवा मन अतिउत्साह आणि नैराश्य यांत हेलकावे खात असेल, तर तो सगळ्यांना चालत नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिलं, आवडीच्या गोष्टीतही जीव रमेना, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. आणि जगणं नको असा विचार एकदा जरी मनात आला, तरी त्याच घटकेला कुणाला तरी सांग. मला सांग. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

कृतज्ञतेबद्दल तू जरा चिडून लिहिलं आहेस. ‘सगळे म्हणतात, जे आहे त्याबद्दल आभारी राहा.’ तुझी चीड मला समजते. दुखणाऱ्या माणसाला आभार मानायला लावणं हा त्याला गप्प करण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो तू मुळीच सोसू नकोस. नैराश्यावरचा उपचार म्हणून कृतज्ञतेच्या वहीचा उपयोग फार थोडा होतो, हेही खरं. पण म्हणून ती टाकून देऊ नकोस. २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, जवळपास दहा आठवडे, कृतज्ञ वाटावं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. त्रासांची यादी करणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं वाटलं, आणि अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारीही कमी झाल्या. त्यातलं ‘आठवड्यातून एकदा’ मला महत्त्वाचं वाटतं. रोज रोज लिहिलं की तीच वाक्यं उमटतात, ‘आईवडील, आरोग्य, मित्र’, आणि मन त्यांच्यावरून घसरून जातं. रविवारी एकच गोष्ट लिही, पण बारकाव्यासह. कुणी, काय केलं, त्यासाठी त्याला काय सोडावं लागलं. तुझ्यासाठी वर्गातली शेजारची जागा कुणी धरून ठेवली असेल, तर दप्तर कसं ठेवलं होतं तेसुद्धा लिही.

आणि जमेल तेव्हा ते त्या माणसाला कळव. आपल्याला वाटतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, शब्द नीट जमणार नाहीत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली नेमकं हेच तपासून पाहिलं. आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचा अंदाज चुकला होता. पत्र मिळणाऱ्यांना त्यांच्या कल्पनेपेक्षा जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं.

मी हे फार उशिरा केलं. त्या टेबलाच्या दिवसानंतर सव्वीस वर्षांनी मी तिला पत्र लिहिलं. चार वेळा मजकूर खोडला, एवढ्याशा गोष्टीसाठी इतक्या वर्षांनी काय लिहायचं म्हणून. आठवड्यात तिचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, तिच्या टेबलाच्या खणात एक स्टेपलर होता. त्या दुपारी तिला स्वतःच्या खोलीत बसवेना, कुणाच्या तरी दारावर थाप मारायची होती, आणि नुसतं ‘मला एकटं वाटतंय’ म्हणायचा धीर होत नव्हता.

ते पत्र हातात घेऊन मी बराच वेळ बसून होते.

तुझ्या मजल्यावर किती दारं आहेत, मला माहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी, अंधार पडायच्या वेळी, मी फोन करीन. लांबलचक बोलायची गरज नाही. टेबल कुठे ठेवलंस तेवढं सांग, आणि ते डुगडुगत असेल तर पायाखाली काय घातलंस तेही.

तुझ्या,
बाई