तारेचं सोडा, लांडगा का पळतोय ते सांगा

मालक, फोटो झकास आलाय, आधी ते सांगतो. तुम्ही विचारलंय की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काढलेल्या लांडग्याच्या फोटोतली मागची विजेची तार पुसली आणि फोटो स्पर्धेला पाठवला तर ती फसवणूक होईल का. घरात फ्रेम करून लावायचा असेल तर तार काय अख्खा खांब पुसा, कोण विचारतंय. स्पर्धेला मात्र नको. क्रॉप, थोडा उजेड, थोडा रंग एवढं बहुतेक ठिकाणी चालतं, पण फ्रेममधली वस्तू काढली की बाद, आणि वरच्या फेरीत रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, हात न लावलेली फाईल) मागतात तिथं सगळं उघडं पडतं.

पण मला तारेपेक्षा दुसरंच खटकलं. लांडग्याचे कान मागे गेलेत, शेपूट पोटाखाली आहे, म्हणजे घाबरून पळतोय ओ तो. बाईक माळात घातली होती का? खरं सांगा, रागावणार नाही (बरं, थोडं रागावेन).

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वाइल्डलाइफ स्पर्धा आहे ना, तिथं २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला होता, दहा हजार पौंडाचं बक्षीस, आणि जानेवारी २०१० मध्ये तो बाद केला, का तर लांडगा पाळीव असावा असं परीक्षकांना वाटलं. फोटोग्राफरनं आरोप नाकारला, पण मुद्दा बघा की, भानगड एडिटिंगची नव्हतीच, फोटो कसा काढला याची होती.

मी पण काही धुतल्या तांदळाचा नाही. नवीन कॅमेरा घेतला तेव्हा बार्शी रोडला चंडोलाच्या घरट्यापुढचं गवत आडवं येत होतं म्हणून चार काड्या मोडल्या, फोटो एकदम क्लीन आला, लोकांनी वा वा केलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर घरटं रिकामं. कावळ्यानं नेलं की मुंगसानं, देव जाणे, पण आडोसा मीच काढला होता. त्या फोटोत एक पिक्सेल बदललेला नाही बरं का. आता तो कुणाला दाखवत नाही.

आणि लांडग्याच्या बिळाचा जो दुसरा फोटो टाकलाय तो आधी काढा. मोबाईलवरचा दिसतोय, त्यात लोकेशन राहिलेलं असू शकतं, आणि मागची ती टेकडी तर आपल्याकडचा कुठलाही पोरगा ओळखेल. थंडीत पिलं असतात, माणसांची वर्दळ वाढली की मादी एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडं हलवते. काढलात की कळवा, मग तारेचं बघू.