ढग वाफेचा असेल तर दिसतो कसा, आणि पाण्याचा असेल तर खाली का पडत नाही?

तुमच्या तिसरीतल्या मुलीने विचारलंय की ढग वाफेचे असतात तर हवेसारखे न दिसणारे का नाहीत, आणि पाण्याचे असतील तर धपकन खाली का येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने हेच विचारून माझी विकेट काढली होती, आणि मामा इंजिनियर आहे म्हणून घरात आधीच जाहीर झालेलं असल्यामुळे पळायला जागा नव्हती.

तर पहिलं म्हणजे ढग वाफेचा नसतो. "पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात" हे आपण शाळेत इतक्यांदा घोकलंय की तेच डोक्यात बसलंय. खरी वाफ दिसतच नाही. कुकरची शिट्टी होताना तिला लांबून बघायला सांगा (लांबूनच हं, वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण हाताला लागून तिचं पाणी होताना ती आतली उष्णता हातालाच देऊन जाते). शिट्टीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, थोडी जागा मोकळी वाटते आणि मग पुढे पांढरा झोत सुरू होतो. ती मोकळी वाटणारी जागा म्हणजे वाफ. पांढरं दिसतं ते पाणीच, वाफ गार होऊन झालेले बारीक थेंब. ढगात पण तेच, फक्त खूप उंचावरच्या ढगांत थेंबांऐवजी बर्फाचे कण असतात.

हवेत न दिसणारं पाणी असतं हे तिला पटलं नाही तर फ्रीजमधलं गार कोकम सरबत ग्लासात ओता. पाच मिनिटांत ग्लासाला बाहेरून घाम येतो. भाची म्हणाली ग्लास गळतोय, म्हटलं बोट लावून चाटून बघ, सरबत गळलं असतं तर लाल आणि आंबटगोड लागलं असतं ना. बिनचवीचं पाणी निघालं. ते खोलीतल्या हवेतलं.

आता पडत का नाही. मुलीला घेऊन गिरणीत जा. ज्वारीचा दाणा हातातून सोडला की सरळ खाली, पण त्याच ज्वारीचं पीठ झालं की गिरणीभर तरंगत असतं, गिरणीवाल्या काकांच्या भुवया बघा. दाणा तोच, फक्त बारीक झाला, आणि बारीक कणाला हवा पटकन पडू देत नाही. ढगातला थेंब साधारण 0.02 मिलिमीटरचा असतो म्हणजे केसापेक्षाही बारीक, आणि तो पडतोच आहे पण सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर. खालून वर येणारी हवा त्यापेक्षा जोरात असते, मग कुठला पडतोय. पावसाचा थेंब दोनेक मिलिमीटरचा, म्हणजे शंभर पट रुंद, पण त्यात पाणी दहा लाख ढगथेंबांएवढं! ते एकमेकांवर आपटून एक होतात, जड होतात आणि मग आपण छत्री शोधतो.

आणि ढग हलका असतो असं मात्र सांगू नका. कापसासारख्या पांढऱ्या ढगात एका घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी धरलं, आणि ढग एक किलोमीटर लांब, रुंद, उंच, तर 5 लाख किलो पाणी झालं. दहा हजार लिटरवाले 50 टँकर. आमच्या सोसायटीला एप्रिलमध्ये रोज दोन लागतात, त्यामुळे हा हिशोब घरात फारच मनाला लागला.

ढग होतो कसा याला पुण्यासारखी जागा नाही. जुलैत सिंहगडावर जा, खालून गड ढगात गेलेला दिसतो आणि वर पोचलात की तुम्हीच ढगात, चष्मा ओला, केसांवर दव, भजी खाईपर्यंत मऊ. कोकणातून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर दाब कमी म्हणून पसरते आणि पसरली की गार होते, ढग होईपर्यंत दर 100 मीटरला साधारण 1 डिग्री. ताम्हिणीत ती बदाबदा ओतून मोकळी होते आणि आपल्याकडे उरलंसुरलं येतं. (जाता जाता, सिमला ऑफिसच्या चौकाला ते नाव का, तर हवामान खात्याचं ऑफिस 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं. रोज तिथून बस बदलणाऱ्यांना पण माहीत नसतं.)

हेच घरी करता येतं. प्लास्टिकच्या बाटलीत चमचाभर कोमट पाणी घाला, काडी पेटवून विझवा, तिचा धूर आत जाऊ द्या, झाकण घट्ट लावा. बाटली जोरात दाबा आणि एकदम सोडा. सोडली की आतली हवा पसरते, गार होते, आत धुकं. परत दाबलं की गायब. काडी मोठ्यांनीच पेटवायची, आणि धूर विसरू नका, कारण थेंबाला बसायला धुराचा, धुळीचा नाहीतर मिठाचा कण लागतो. आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो आणि दहा मिनिटं नुसती बाटली दाबत बसलो.