हित्ती म्हणजे नेमके कोण?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : बायबलमध्ये अब्राहामाला जमीन विकणारा एफ्रोन हित्ती आहे आणि दावीदाच्या सैन्यातला उरीयाही हित्ती आहे. तुर्कस्तानात साम्राज्य उभारणारे हित्ती ते हेच का? (एक वाचक, वसई)

उत्तर : नाव एकच, पण त्या नावाखाली निदान चार वेगवेगळे लोक येतात. इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी, अनातोलियाच्या पठारावर, पूर्वी हट्टी नावाचे लोक राहत. (मूळ उच्चार ‘हत्ती’च्या जवळचा आहे. आपल्या हत्तीशी त्याचा संबंध नाही, आपला हत्ती संस्कृत ‘हस्तिन्’वरून आला. घोटाळा नको म्हणून इथे ‘हट्टी’ लिहिले आहे.) त्यांची भाषा अगदी वेगळ्या कुळातली. पुढे वेगळी भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या लोकांनी तिथे राज्य केले. हट्टुशा ही राजधानी आणि देशाचे ‘हट्टी’ हे जुने नाव त्यांनी तसेच ठेवले, पण स्वतःच्या भाषेला मात्र ते नेसा या शहरावरून ‘नेसिली’ म्हणत. इ.स.पू. १६५० ते ११८०च्या सुमारास अनातोलियात साम्राज्य चालवले ते यांनी. इ.स.पू. १२७४मध्ये सीरियातल्या कादेश येथे इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्याशी लढले तेही हेच. साम्राज्य मोडल्यावर उत्तर सीरिया आणि दक्षिण अनातोलियात कर्कमीश, हमाथ, मलात्या अशी छोटी राज्ये उरली. ते तिसरे. चौथे म्हणजे कनानातल्या हेब्रोनच्या डोंगराळ भागातले ‘हेथचे पुत्र’, एफ्रोन त्यांच्यातलाच.

बायबलमधले एखादे वचन तपासायचे असेल तर आधी ठिकाण पाहा, मग काळ. १ राजे १०:२९मध्ये शलमोनाच्या काळचा व्यापार आहे. रथ ६०० शेकेलांना (शेकेल हे चांदी तोलायचे वजन), घोडा १५० शेकेलांना, आणि हा माल ‘हित्ती राजांकडे’ जातो. २ राजे ७:६मध्ये अरामी सैन्य रात्री घाबरून पळते, कारण इस्राएलाने हित्ती राजांना आणि मिसरच्या (इजिप्तच्या) राजांना भाड्याने आणले असे त्यांना वाटते. दोन्हीकडे ‘राजे’ हे अनेकवचन आहे. साम्राज्याला एकच महाराजा असे. अनेक राजे हे वर्णन तिसऱ्या गटाला, सीरियातल्या छोट्या राज्यांना, बरोबर बसते. हमाथच्या राजांनी चित्रलिपीत कोरलेले शिलालेखही सापडलेले आहेत. ही दोन वचने इतिहासाशी नीट जुळतात.

एफ्रोनचे तसे नाही. हेब्रोन ते हट्टुशा हे अंतर सरळ रेषेत ९५० किलोमीटरच्या आसपास. हेब्रोन साम्राज्याच्या ताब्यात कधीच नव्हते. एफ्रोन आणि त्याचा बाप सोहर ही नावे सेमिटिक वळणाची आहेत, नेसिलीतली नाहीत. एसावाच्या हित्ती बायकांची नावेही तशीच. साम्राज्य गेल्यावर अश्शूरचे राजे सगळ्या सीरिया-पॅलेस्टाइनलाच ‘हट्टी’ म्हणू लागले होते. ‘इथले जुने रहिवासी’ या अर्थाने हा शब्द कनानच्या वंशावळीत आणि सात राष्ट्रांच्या यादीत (बायबलमधले ‘अनुवाद’ हे पुस्तक, ७:१) आला असावा, हे आम्हाला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण. उरीयाचे नाव हिब्रू वळणाचे आहे. त्याचे घराणे सीरियातून आले होते की हेब्रोनकडचे होते, याचा शोध नुसत्या ‘हित्ती’ या विशेषणावरून लागत नाही.

प्रश्न : ‘हित्ती फक्त बायबलमध्ये होते, विद्वान हसायचे, मग उत्खननाने बायबल खरे ठरवले’ असे प्रवचनात ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : अर्धे खरे. हट्टुशाचा पसारा खरोखर कोणाला माहीत नव्हता. शार्ल तेक्सिए या फ्रेंच प्रवाशाने १८३४मध्ये ते अवशेष पाहिले, तेव्हा ते कोणाचे हे त्यालाही कळले नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इजिप्तच्या लेखांतले ‘खेता’ आणि अश्शूरच्या लेखांतले ‘हट्टी’ अभ्यासकांनी वाचलेले होते. १९०६मध्ये ह्यूगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांनी बोआझक्यॉय येथे, म्हणजे त्याच अवशेषांत, खोदकाम सुरू केले, तेव्हा रामसेसबरोबरच्या तहाची अक्कादी भाषेतली प्रत हाती आली. इजिप्तमधल्या कार्नाकच्या देवळाच्या भिंतीवर तोच तह चित्रलिपीत होता. राजधानी हीच, हे तेव्हा पक्के झाले. यातून साम्राज्य सिद्ध झाले, एफ्रोनचा व्यवहार नव्हे. दोन्ही एकत्र बांधले की श्रद्धाळू माणूस पुढे नाहक अडचणीत येतो.

प्रश्न : अब्राहामाने एफ्रोनकडून घेतलेल्या मकपेलाच्या गुहेचा व्यवहार हित्ती कायद्याप्रमाणे झाला, असे एका टीकाग्रंथात आहे.

उत्तर : ही मांडणी १९५३मध्ये मॅनफ्रेड लेमन या अभ्यासकांनी केली. हित्ती कायद्याची सुमारे २०० कलमे मातीच्या पाट्यांवर मिळाली आहेत. जमिनीचा मोठा हिस्सा ज्याच्याकडे, त्याने जमिनीवरची सरकारी सेवा द्यायची, लहान हिस्सेदाराने द्यायची नाही, असे एक कलम त्यात आहे. अब्राहामाला फक्त गुहा हवी होती, एफ्रोनने सगळे शेत गळ्यात घातले, म्हणजे सेवेचा बोजा टाळला, असा लेमन यांचा तर्क.

तो टिकत नाही. उत्पत्ती २३मध्ये सेवेचा एक शब्दही नाही. आधी ‘फुकट घ्या’ म्हणायचे आणि मग सहज बोलल्यासारखी किंमत सांगायची, ही बोलणी पश्चिम आशियात कुठेही होत असत. किंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४०० शेकेल चांदी, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. यिर्मयाने अनाथोथचे शेत १७ शेकेलांना घेतले होते. हित्ती कायद्यात नांगराच्या बैलाची किंमत १२ शेकेल आणि मेंढीची १ शेकेल दिली आहे. मात्र प्रदेशाप्रमाणे शेकेलचे वजन बदलते आणि या नोंदी वेगवेगळ्या शतकांतल्या आहेत, त्यामुळे थेट गुणाकार करू नका.

प्रश्न : हित्ती लोक इंद्र-वरुणाला मानत होते आणि संस्कृत बोलत होते, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. तथ्य किती? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मूळ पुरावा खरा आणि फार मोलाचा आहे, फक्त तो हित्तींच्या नावावर खपवला जातो. इ.स.पू. चौदाव्या शतकात हित्ती राजा पहिला शुप्पिलुलिउमा याने मितन्नी या उत्तर सीरियाकडच्या राज्याच्या शत्तिवाझाशी तह केला. तहाला साक्षी म्हणून दोन्ही बाजूंचे देव बोलावले आहेत. मितन्नीच्या बाजूला, इतर पुष्कळ देवांबरोबर, मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य येतात. मितन्नीची रोजची भाषा हुरियन होती. राजघराण्याची नावे आणि घोड्यांची विद्या यांत मात्र आर्य भाषेचा जुना थर उरला होता. हित्तींचे स्वतःचे मुख्य देव म्हणजे वादळाचा देव आणि अरिन्ना नगरीची सूर्यदेवी.

घोड्यांच्या विद्येचा पुरावा तर मराठी माणसाला शब्दकोशाशिवाय कळेल. हट्टुशात किक्कुलीचा अश्वशिक्षणाचा ग्रंथ सापडला. सुरुवातीलाच तो स्वतःला मितन्नी देशातला अश्वशिक्षक म्हणवतो. घोड्याला किती फेरे मारायला लावायचे, यासाठीचे त्याचे शब्द असे : ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ. यातला ‘ऐक’ महत्त्वाचा, कारण जुन्या इराणी भाषांत एकाला ‘ऐव’ म्हणत. म्हणजे हा थर इराणी नव्हे, भारतीय शाखेच्या जवळचा.

हित्ती भाषा संस्कृतची लेक नाही आणि आईही नाही. ती दूरची चुलत बहीण, फार लवकर वेगळी निघालेली. १९१५मध्ये बेद्रिच ह्रोझनी यांनी ती उलगडली ती एका वाक्यावरून : ‘नु निंदा-अन एझ्झतेनि, वातर-म एकुतेनि’, म्हणजे ‘आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल’. ‘निंदा’ हे भाकरीचे सुमेरी चिन्ह, त्याला हित्ती प्रत्यय लावला आहे. आपण ‘५वा’ लिहितो आणि ‘पाचवा’ वाचतो, तसे. भाकरी आली तर क्रियापद खाण्याचे असणार. ‘एझ्झ’ला संस्कृतातला ‘अद्’ जवळचा, ‘वातर’ला आपले ‘उदक’. आणखी एक जोडी पाहा : हित्ती ‘हस्ताइ’, आपली ‘अस्थी’. संस्कृतात हरवलेला सुरुवातीचा कंठ्य ध्वनी हित्तीने जपला. अशा लुप्त ध्वनींचा अंदाज भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १८७९मध्ये निव्वळ गणित मांडल्यासारखा केला होता, आणि १९२७मध्ये कुरिलोविच यांनी तो हित्तीत दाखवून दिला. भाषाशास्त्रात इतका सुंदर ताळा क्वचितच जुळतो.

प्रश्न : लोखंडाचे गुपित हित्तींकडेच होते ना?

उत्तर : नाही. हित्ती राजा तिसरा हट्टुशिली याचे एक पत्र आहे. चांगले लोखंड कोठारात नाही, सध्या बनवायलाही हंगाम वाईट आहे, तूर्त एक खंजिराचे पाते पाठवतो, असे तो त्यात कळवतो. मक्तेदाराची भाषा अशी नसते. त्यांचे सैन्य काशाच्या (कांस्याच्या) हत्यारांनीच लढले.

प्रश्न : एवढे साम्राज्य एकदम कसे बुडाले?

उत्तर : एका शत्रूने एका दिवसात जाळले, हे चित्र आता सोडून द्यावे. हट्टुशात जळाल्याच्या खुणा मुख्यतः राजवाडा, देवळे अशा इमारतींत आहेत, आणि मौल्यवान वस्तू आधीच हलवलेल्या दिसतात. दरबाराने नगर सोडले, आग नंतरची. अनातोलियातल्या गोर्डियन येथील जुनिपरच्या लाकडांवरील वाढीची वलये तपासून २०२३मध्ये असे दिसले, की इ.स.पू. ११९८ ते ११९६ अशी सलग तीन वर्षे कडक दुष्काळ होता. एक वर्ष कोठारावर निघते, दुसरे बियाणे खाऊन. तिसऱ्या वर्षी पेरायलाच काही उरत नाही.

राजवंश मात्र संपला नाही. कर्कमीशचा कारभार शुप्पिलुलिउमाच्या वंशजांकडे होता. तुर्कस्तानातल्या लिदार ह्योयुक येथे १९८५मध्ये सापडलेल्या मुद्रेच्या ठशांवरून, त्याच घराण्यातला कुझी-तेशुब पुढेही कर्कमीशला राजा होता हे कळले. शलमोनाचे घोडे ज्यांच्याकडे जात ते ‘हित्ती राजे’ या परंपरेतले. इ.स.पू. ७१७मध्ये अश्शूरच्या दुसऱ्या सार्गोनने कर्कमीश घेतले.