अक्षर तिचं, मजकूर तुमचा

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल काढतो. बायको विड्या वळते. मुलीला दहावीला ८६ टक्के पडले, गणितात ९३. तिला सायन्स घेऊन इंजिनिअर व्हायचंय. पण मुलीच्या जातीवर एवढा खर्च झेपणार नाही. धाकटा आठवीत आहे, त्याला आयआयटीच्या फाउंडेशन क्लासला घातलंय, ४५ हजार भरले. ती घरातलंही बघते. पाणी चार दिवसांनी येतं, त्या दिवशी शाळा बुडवून भरते. तिला कॉमर्सला कुठलं कॉलेज बरं? मला लिहायची सवय नाही, मुलीकडून लिहून घेतलंय.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : दादा, कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. मी तुमच्या शेवटच्या ओळीवरच अडलो. ‘मुलीच्या जातीवर एवढा खर्च’ हे तुम्ही तिच्याकडूनच लिहून घेतलंत! अक्षर वळणदार आहे. ‘खर्च’ शब्द तेवढा एकदा खोडून पुन्हा लिहिलाय.

सायन्स तिला झेपेल का, हे विचारूच नका. दर चौथ्या दिवशी घागरी भरून तिने ९३ आणलेत.

आता खर्चाचं. इंजिनिअरिंग म्हणजे लाखांची फी, हे मुलींच्या बाबतीत जुनं झालं. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी महाराष्ट्रात २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. आधी माफी निम्मीच होती. खासगी कॉलेजातही ती मिळते, फक्त प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर सवलत गेली, आणि सीट मिळवून देणारे एजंट हे बोलत नाहीत. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्तीही आहे, खास मुलींसाठी, डिप्लोमा असो की डिग्री, वर्षाला ५० हजार. ती मेरिटवर मिळते, म्हणून धरून चालू नका, पण अर्ज सोडू नका. हॉस्टेल-मेसचा खर्च माफीत येत नाही, तेव्हा सोलापुरातच शिकलेलं बरं. हिशेब मांडून बघा, मुलापेक्षा मुलीचं इंजिनिअरिंग तुम्हाला स्वस्त पडेल.

रस्ते दोन : अकरावी सायन्स करून सीईटी, नाहीतर दहावीच्या मार्कांवर शासकीय तंत्रनिकेतन आणि तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मला दुसरा बरा वाटतो, पण निवड तिची.

आणि ज्या आयआयटीसाठी पोराचे ४५ हजार भरलेत, तिथे २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत. हे क्लासवाल्यांनी सांगितलं नसेल. तुम्ही मुलाबद्दलच विचारलं असणार.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला याच आठवड्यात सेतूत टाका, उशीर तिथेच होतो. पाण्याच्या दिवशी घागर धाकट्याच्या हातात द्या, आठवीतल्या पोराला जमते. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही शेजारी बसून सांगायचं नाही.