चेरीला फुलं भरपूर येतात, पण फळ का धरत नाही?

बिंग आणि लॅम्बर्ट अशा दोन वेगळ्या जाती लावूनही झाड रिकामं राहत असेल, तर खताच्या मागे लागू नका, जोडी चुकली आहे. गोड चेरीच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागावर फळत नाहीत. त्यात बिंग, लॅम्बर्ट आणि नेपोलियन परागाच्या एकाच गटातल्या, म्हणून एकमेकींनाही उपयोगी नाहीत. परागकणातून निघणारी नळी, म्हणजे परागनलिका, कुक्षिवृंतातच (फुलाच्या मधल्या दांड्यातच) अडते. पाकळ्या झडल्यावर उरलेली हिरवी गाठ पिवळी पडून गळते, नीट बघा.

शंभर फुटांच्या आत स्टेला किंवा व्हॅन ही जात लावा. स्टेला तर एकटीही फळते. तोवर बहरात स्टेलाच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून झाडावर टांगा. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक अजिबात मारू नका, मधमाश्या मरतात.